रिकाम्या बाटलीचा दमा

१

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता पांढरकवड्याच्या वनमाला ट्रस्ट रुग्णालयात, पहिल्या मजल्यावरच्या प्रशिक्षण खोलीत, सिस्टर शगुफ्ता मन्सुरी बोलता बोलता थांबल्या.

नव्याने रुजू झालेल्या मुलींना त्या हात स्वच्छ करण्याची पद्धत दाखवत होत्या. तळव्यावर तळवा, बोटांत बोटं, मग अंगठा. अंगठ्यापाशी हात थांबले. त्यांनी टेबलाची कड धरली, खिडकीकडे जायचा प्रयत्न केला आणि मध्येच खाली बसल्या. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. थोड्या वेळाने तोही येईना.

त्यांना उचलून अतिदक्षता कक्षात नेलं. घशात नळी घालावी लागली. जीव वाचला.

टेबलावर हँडरबची बाटली होती. पाणी न लावता हातावर चोळायचं हे गुलाबी जंतुनाशक वॉर्डांत प्रत्येक भिंतीवर टांगलेलं असतं. त्याचाच आपल्याला त्रास होतो, असं शगुफ्ता कितीतरी दिवस सांगत होत्या. म्हणूनच त्यांना महिला वॉर्डातून काढून या खोलीत बसवलं होतं.

पण ती बाटली रिकामी होती, धुऊन, वाळवून, फक्त दाखवण्यापुरती आणलेली. त्या खोलीत हँडरबचा एक थेंबही दिसत नव्हता.

२

गुरुवारी दुपारी अश्वजित थूल यवतमाळहून बसने आले. रुग्णालयाने कर्मचाऱ्यांचा विमा काढला होता. कामावरची दुखापत आणि कामामुळे जडलेला आजार दोन्ही त्यात येत. शगुफ्तांनी आजारासाठी अर्ज केला होता, आणि थूल त्या विमा कंपनीचे तपासनीस होते. समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत गप्प राहायची त्यांना सवय होती. लोक त्या शांततेला घाबरून जास्त बोलत.

व्यवस्थापक राजकुमार चिद्दरवारही जास्तच बोलले. त्यांच्या वातानुकूलित खोलीत बाहेरचं ऊन खोटं वाटत होतं.

"सरळ प्रकरण आहे," ते म्हणाले. "बाईंना दमा आधीपासून असणार. नोकरीला लागताना लपवला. वडिलांचं गादीघर आहे, घरभर रुई उडते. आता म्हणतात हँडरबनं झाला. वॉर्डात चारी बाजूंनी हँडरब होता तेव्हा कमी आणि प्रशिक्षण खोलीत एक थेंब नाही तर एकदम नळी घालण्यापर्यंत? तुम्हीच सांगा."

"हँडरब बदललाय का?"

"वर्षभर तोच. लोहाऱ्याच्या कारखान्यातून येतो. परवा तपासूनही घेतला. बाटलीवर लिहिलंय तेच आत आहे."

"मग माझ्याकडून काय हवंय?"

"शनिवारी विश्वस्त बसतायत. आजार लपवला म्हणून कामावरून कमी करायचं, असा ठराव तयार आहे. तुमचा अहवाल जोडला की विषय संपला."

दार ढकलून एक मध्यमवयीन बाई पाण्याचे पेले घेऊन आल्या. हिरवं लुगडं, वर रुग्णालयाचा निळा कोट. पेले ठेवता ठेवता त्यांना ठसका लागला. त्या तोंडावर पदर धरून बाजूला वळल्या.

"कौसल्या मावशी, डॉक्टरला दाखवा एकदा," राजकुमार म्हणाले.

"कायले दाखवू साहेब? मिरच्या कांडल्या काल, त्याचा ठसका हाये." मावशी जाता जाता थूलांकडे वळल्या. "तुमी बाईसाठी आले नं? शगुफ्ताबाई खोटं नाही बोलत. लिहून घ्या माह्या नावानं."

थूलांनी लिहून घेतलं. पण त्यांनाही तोवर राजकुमारांचंच पटत होतं. ज्या खोलीत कारण नव्हतं, तिथे सर्वांत मोठा झटका आला होता.

३

जहीर मन्सुरींच्या गादीघरात शिरल्याबरोबर थूलांना शिंका आल्या. पिंजण्याचं यंत्र चालू होतं. जहीरचाचांच्या भुवया, दाढी, कानांच्या पाळ्या, सगळं पांढरं होतं.

"बंद करतो," चाचा म्हणाले. यंत्र थांबलं तरी रुई हवेत तरंगत राहिली.

"शगुफ्ता सिस्टर इथेच राहतात?"

"मागच्या खोलीत. नवरा गेल्यापासून इथंच आहे. सुट्टीच्या दिवशी तर जिथं तुम्ही उभे आहात ना, तिथं बसून गाद्यांना टाके घालते. मी म्हणतो बेटा आराम कर. म्हणते, अब्बा, हाच आराम आहे."

"तेव्हा खोकला?"

"एक नाही. तुम्ही आल्या आल्या शिंकले साहेब, ती नाही शिंकत. तो तोंडात मारायचा पंप सुट्टीच्या दिवशी पर्समधून निघत नाही. कामावर गेली की परत दुपारी फोन. अब्बा, छाती भरून आली."

बाप मुलीच्या बाजूनेच बोलणार, हे थूलांनी धरलं होतं. तरी समोरच्या पानठेल्यावर आणि शेजारच्या सायकलवाल्याकडे त्यांनी चौकशी केली. दोघांनीही तेच सांगितलं. सायकलवाला तर हसला. "रुईचा दमा असता तर या गल्लीत आधी आम्हालाच झाला असता."

म्हणजे राजकुमारांचं अर्धं म्हणणं गेलं. आजार घरातून आलेला नव्हता.

"सुरू केव्हा झालं?" त्यांनी चाचांना विचारलं.

"थंडीत थोडं थोडं होतं. हाताला ते गुलाबी लावलं की नाक गळायचं, खोकला. पण होळी झाल्यापासून पोरगी वेगळीच दिसायला लागली. जिना चढताना बसायची." चाचांनी आवाज खाली आणला. "साहेब, मी कोणावर आळ घेत नाही. पण ती दीपा सिस्टर आहे ना? माझ्या पोरीशी तिचं वाकडं आहे. मंगळवारी ती बाटली तिनंच आणून ठेवली होती."

४

"हो, मीच आणली," दीपा खंडारे म्हणाल्या. "मीच धुतली, मीच वाळवली. जहर घालायचं असतं तर रिकामी कशाला आणली असती? भरूनच आणली असती ना."

त्या मधल्या जिन्यावर उभ्या राहूनच बोलत होत्या. बसायला तयार नव्हत्या.

"तुमचं भांडण कशावरून?"

"भांडण कुठलं? भर मीटिंगमध्ये माझं नाव वाचलं बाईंनी. दीपा सिस्टर, हात साफ न करता दुसऱ्या पेशंटला हात लावला. अख्खा स्टाफ हसला. मी बोलणं सोडलं, बस."

"त्या नाटक करतात असं तुम्ही राजकुमार साहेबांना सांगितलंत."

"तेव्हा सांगितलं. मंगळवारी मी त्यांचे ओठ निळे पाहिले. आता नाही म्हणणार."

"तेव्हा का म्हणालात?"

"कारण पाहिलंय ना डोळ्यांनी. मागच्या वादळात खांब पडला, दिवसभर लाईट नव्हती. जनरेटरवर फक्त ऑपरेशन थिएटर आणि ट्यूबलाईटा. आम्ही सगळ्या घामानं बेजार आणि ह्या बाई प्रशिक्षण खोलीत एकदम ठणठणीत. गाणं गुणगुणत फाईली लावत होत्या. दुसऱ्या दिवशी लाईट आली आणि तासाभरात यांचा दमाही आला. मी बोललेच तेव्हा, असा कुठला दमा असतो जो लाईट पाहून येतो?"

थूलांचं लिहिणं थांबलं.

"सिस्टर, हे परत एकदा सांगा."

५

प्रशिक्षण खोलीत विजेवर चालणाऱ्या तीन गोष्टी होत्या. ट्यूबलाईट, पंखा आणि खिडकीत बसवलेला कूलर. विदर्भात होळी झाली की माळ्यावरचे कूलर खाली येतात, गवताच्या नव्या जाळ्या बसतात आणि पाऊस येईपर्यंत ती घरघर थांबत नाही. जहीरचाचाही होळीच म्हणाले होते.

थूलांनी कूलर बंद करून मागची जाळी काढली. गवत यंदाचंच होतं. बुरशी नव्हती, कुबट वास नव्हता. उलट पाण्याला काहीच वास नव्हता, आणि मे महिन्यातल्या कूलरच्या पाण्याला वास नसणं त्यांना थोडं चमत्कारिक वाटलं. टाकीच्या कडेला साबणासारखा बारीक फेस धरला होता. टाकी घासली असेल, असं समजून त्यांनी जाळी परत लावली.

त्यांनी चाचांना फोन लावला. "घरी कूलर आहे?"

"आहे ना. रात्रभर तिच्या तोंडासमोरच असतो."

"त्याचा त्रास?"

"कूलर नसला तर त्रास, साहेब. असल्यावर कसला?"

म्हणजे नुसता कूलरही नव्हता.

संध्याकाळी डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ते अतिदक्षता कक्षात गेले. दारावर कागद होता, या पेशंटजवळ हँडरब वापरू नये, साध्या साबणाने हात धुवावेत. शगुफ्ता उशीला टेकून बसल्या होत्या. नळी निघाली होती, पण आवाज खरवडल्यासारखा येत होता.

"तुम्ही त्यांचे की माझे?" त्यांनी विचारलं.

"कंपनीचा."

"म्हणजे त्यांचे." त्या कष्टाने हसल्या. "लिहा एवढंच, मी खोटं बोलले नाही. मला यातलं दुसरं काही नको. खोटारडी म्हणून काढलं तर कुठलाच दवाखाना घेणार नाही. आणि मला दुसरं काही येत नाही हो. लोकांना हात धुवायला लावायचं, तेच माझं काम."

"होळीनंतर इथे काय बदललं?"

"कूलर लागले."

"ते बघितलं. अजून?"

त्यांनी डोळे मिटून आठवलं. "त्याच सुमाराला तपासणी झाली. तपासायला आलेल्यांनी बाटल्यांवरून ताशेरे ओढले. आमच्याकडे अर्ध्या बाटलीतच नवा हँडरब ओतायचे. बरोबर नाही ते, जुन्यात जंतू टिकतात. मी बंद केलं. आधी उरलेलं काढायचं, बाटली धुवायची, वाळवायची, मगच भरायची. चांगला नियम आहे. सगळ्यांनी पाळला."

"उरलेलं काढून काय करायचं?"

"फेकायचं. मोरीत."

"फेकतात?"

शगुफ्तांनी त्यांच्याकडे पाहिलं. काही बोलण्याआधीच त्यांना खोकला आला आणि नर्सने थूलांना बाहेर जायला सांगितलं.

६

शुक्रवारी सकाळी महिला वॉर्डात जेवणावरून वाद चालला होता.

"मी कायले खोटं बोलू?" खाटेवरची म्हातारी ताट पुढे ढकलत होती. जमनी तिचं नाव. केळापूरजवळच्या तांड्यावरून मांडीचं हाड मोडून आली होती. "भाकर कडू हाये. काल कडू, परवा कडू. वरण बी कडू."

"आजी, सगळ्यांना एकच भाकर आहे," वाढणारा वैतागून म्हणाला. "बाकी कोणी बोललं का?"

"मी बोलली ना," शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली. "मले बी कडू लागते."

समोरच्या रांगेतल्या बायका मात्र मजेत जेवत होत्या. एकीने टोमणा मारला, "तिकडच्यांची जीभच कडू आहे, भाकरीचा काय दोष?" वॉर्ड हसला.

थूल हसले नाहीत. त्यांनी वर पाहिलं. जमनी आणि तिच्या शेजारणीच्या खाटा कूलरच्या थेट झोतात होत्या. वाऱ्याबरोबर बारीक तुषार येत होते. जमनीने खाल्ल्यावर पदर नाकावर ओढून घेतला.

"आजी, पदर कायले?" थूलांनी विचारलं.

"त्या वाऱ्यानं घसा खरखरते बाप्पा. पोट्टी म्हणते थंड हवा हाये, घे. मले नाही मानवत."

थूल कूलरजवळ गेले. झोत येतो त्या पट्ट्यांवर पांढुरका थर वाळला होता. त्यांनी बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं.

जीभ आक्रसली. कडूपणा जाईना. मग त्यांनी भिंतीवरच्या बाटलीतून थोडा गुलाबी हँडरब तळहातावर घेतला, चोळला, वाळू दिला, आणि दुसरं बोट जिभेला लावलं.

चव एकच होती.

रिकाम्या बाटलीतून हँडरब आलाच नव्हता. तो खिडकीतून येत होता.

७

मागच्या अंगणात कौसल्या मावशी पाइप घेऊन तळमजल्यावरच्या कूलरमध्ये पाणी भरत होत्या. पायाशी एक जुना प्लास्टिकचा डबा होता. आत गुलाबी रंग दिसत होता.

"मावशी, त्या डब्यात काय आहे?"

"ते? बाईचं औषध." मावशींनी अभिमानाने डबा उचलून दाखवला. "शगुफ्ताबाईनं सांगतलं, बाटलीत जुनं ठेवायचं नाही. मंग रोज सगळ्या बाटल्याईचं उरलेलं यात जमा करते."

"बाईंनी फेकायला सांगितलं होतं ना?"

"सांगतलं होतं." मावशींनी इकडेतिकडे पाहिलं, चोरी पकडल्यासारखं. "पण फेकायचं कसं हो? औषध हाये ते. जंतू मारते. आमच्या घरी तं पोट्ट्याच्या दवाईचा थेंब सांडू देत नाही मी. अन् कूलरच्या पाण्याले किती घाण वास मारे! पेशंट बोंबलत. यातलं थोडं टाकलं, वास गायब. राजकुमार साहेब बी म्हणाले, मावशी, यंदा कूलर साफ ठेवले. कोणाले दोन कामं एकदम साधते का?"

"सगळ्या कूलरमध्ये टाकता?"

"सगळ्याईत. साहेबाच्या खोलीत एसी हाये, तेवढी सोडून."

थूलांना पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. तो विचारल्याशिवाय मात्र अहवाल पुरा होणार नव्हता.

"आणि प्रशिक्षण खोलीत?"

मावशींचा चेहरा उजळला. "तिथं तं जास्तच टाकते. बाईले तिथं बसवलं तवापासून. बाईले श्वास लागते नं साहेब, म्हटलं तिच्या खोलीतली हवा तरी साफ राहो."

पाइपमधून पाणी वाहत राहिलं. टाकी भरून अंगणात सांडायला लागली. मावशींनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग हातातल्या डब्याकडे पाहिलं. मग वर, पहिल्या मजल्यावरच्या त्या खिडकीकडे.

"साहेब," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी काय केलं?"

उत्तर ऐकायच्या आत त्यांना ठसका लागला. तो लवकर थांबला नाही.

"हा खोकला केव्हापासून आहे, मावशी?" थूलांनी विचारलं.

त्यांनी हातानेच काहीतरी सांगितलं. मग श्वास मिळाल्यावर एकच शब्द बोलल्या.

"होळी."

८

शनिवारची बैठक त्याच प्रशिक्षण खोलीत झाली. सगळे कूलर बंद करून खोली आदल्या दिवशीपासून उघडी ठेवली होती. विश्वस्त रुमालाने मान पुसत होते. शगुफ्तांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. खुर्ची दीपा ढकलत होत्या. त्या कोणाशी काही बोलल्या नाहीत. खुर्ची खिडकीजवळ लावून मागे उभ्या राहिल्या.

थूलांनी सगळं क्रमाने मांडलं. घरी रुई असून त्रास नाही, म्हणजे रुई नाही. घरी कूलर असून त्रास नाही, म्हणजे कूलर नाही. लाईट गेल्यावर त्रास नाही, म्हणजे काहीतरी वाऱ्याबरोबर येतं. कूलरखालची भाकर कडू, समोरची गोड. वॉर्डापेक्षा ही खोली लहान, आणि इथल्या टाकीत सर्वांत जास्त. म्हणून जिथे हँडरब नव्हता असं सगळ्यांना वाटलं, तिथेच तो सर्वांत जास्त होता.

"म्हणजे हँडरबचा दोष नाही," राजकुमार लगेच म्हणाले. "कूलरचा आहे."

यवतमाळहून आलेल्या छातीच्या डॉक्टर दिपाली देऊळकर यांनी मान हलवली. "सुरुवात हँडरबनेच झाली. थंडीत नाक गळणं, खोकला, तो हात चोळतानाच येत होता. यातलं क्लोरहेक्सिडीन, म्हणजे जंतू मारणारं औषध, काही जणांच्या शरीराला मानवत नाही. रोज, दिवसभर वापरणाऱ्यांना धोका जास्त. कूलरने तेच तुषारांतून छातीत खोलवर पोहोचवलं. एकदा शरीराने ठरवलं की हे नको, की मग थोडंसंही पुरतं."

"मग मी वॉर्डात जाऊ शकते?" शगुफ्तांनी विचारलं. "कूलर तर बंद झाले."

"हे भिंतीवर आहे तोपर्यंत नाही."

"दुसऱ्या दवाखान्यात?"

"बहुतेक ठिकाणी हे किंवा असंच काही असतं." डॉक्टरांनी राजकुमारांकडे पाहिलं. "हे औषध नसलेले हँडरब मिळतात. पण ते एका सिस्टरच्या हातावर बदलून चालत नाही. अख्खा दवाखाना बदलावा लागतो."

"एका माणसासाठी अख्खा दवाखाना?" राजकुमार म्हणाले.

"किती माणसांसाठी, ते अजून कोणी तपासलेलं नाही."

शगुफ्तांच्या मागून दीपा पहिल्यांदा बोलल्या. "मावशी कुठं आहेत?"

"त्यांना कालच घरी पाठवलं," राजकुमार म्हणाले. त्यांनी फाईलमधून एक टाइप केलेला कागद काढला. "थूल साहेब, तुमचा अहवाल तुमच्याजवळ. ठराव आमच्याजवळ आहे. पण आम्हालाही माणुसकी आहे. शगुफ्ता सिस्टर, ही कौसल्याबाईंविरुद्धची तक्रार. तुमचा नियम मोडून, कोणाला न विचारता त्यांनी जंतुनाशक कूलरमध्ये टाकलं. खरंच आहे ना? यात एक अक्षर खोटं नाही. तुम्ही सही करा, आम्ही ठराव मागे घेतो. तुम्ही काही लपवलं नव्हतं असं लेखी देतो. आजार कामामुळे झाला, हेही मान्य करतो."

"आणि मावशी?"

"त्या जातील. पोलिसांत द्यायचं की नाही, ते विश्वस्त ठरवतील."

"आणि सही नाही केली तर?"

"मग आम्ही हा अहवाल मान्य करत नाही. वकील बघतील. तोवर ठराव तसाच."

शगुफ्तांनी कागद घेतला. वाचला. त्यांचा श्वास पुन्हा ऐकू यायला लागला होता.

"मी म्हटलं, फेका," त्या म्हणाल्या. "का फेका ते सांगितलं नाही. जंतू मारतं एवढंच शिकवलं सगळ्यांना. छातीत गेलं तर काय करतं, ते मलाही कोणी शिकवलं नव्हतं." त्यांनी थूलांकडे पाहिलं. "तुमच्या अहवालात हे येतं का?"

"येतं."

"मग त्याने काय होतं?"

थूल पहिल्यांदाच पटकन बोलले. "मला माहीत नाही."

कागद घडी करून शगुफ्तांनी पर्समध्ये ठेवला.

९

रविवारी कौसल्या मावशी दवाखान्यात आल्या, पण कामाला नाही. शेजाऱ्याने त्यांना रिक्षातून आणलं. दोन शब्दांच्या मध्ये त्यांना श्वास घ्यावा लागत होता. महिला वॉर्डात जमनीच्या शेजारची खाट त्यांना मिळाली. वरचा कूलर बंद होता. कोपऱ्यात उभा पंखा फिरत होता. जमनी भाकरी मोडून त्यांना देत होती आणि सांगत होती, "खा वं, आता गोड हाये."

सोमवारी शगुफ्तांना घरी सोडलं. जाताना त्यांना वॉर्डात जायचं होतं, पण दारावरच हँडरबची बाटली होती. आत जाणारी प्रत्येक जण हात चोळत होती, आणि ते सोडा असं शगुफ्ता कोणाला सांगणार नव्हत्या. त्या बाहेरून, व्हरांड्याच्या जाळीच्या खिडकीपाशी गेल्या. जहीरचाचा मागे पर्स घेऊन उभे होते.

"मावशी."

मावशींनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मावशी, इकडं पाहा."

"नाही पाहत बाई."

"काहून?"

"तुमी जा. इथं हवा खराब हाये."

शगुफ्ता गेल्या नाहीत. थोड्या वेळाने दीपा वॉर्डातून मागच्या दाराने बाहेर आल्या. अंगणातल्या नळावर साध्या साबणाने हात धुतले, बोटांत बोटं, मग अंगठा, पुन्हा पहिल्यापासून. हात पुसून त्या खिडकीपाशी आल्या आणि तळवे उलटे करून शगुफ्तांना दाखवले.

"आता नाव वाचा मीटिंगमध्ये," त्या म्हणाल्या.

शगुफ्तांना हसू आलं. हसण्याने खोकला आला. दीपांनी त्यांचा हात धरला.

सोमवारी संध्याकाळपर्यंत एवढंच कळलं आहे. थूलांचा अहवाल कंपनीकडे गेला आहे, त्यावर उत्तर नाही. विश्वस्तांनी ठराव पुढे ढकलला आहे, रद्द केलेला नाही. सगळ्या कूलरच्या टाक्या रिकाम्या केल्या आहेत. भिंतीवरच्या बाटल्या जिथल्या तिथे आहेत, गुलाबी, भरलेल्या. कौसल्या मावशींच्या छातीची तपासणी यवतमाळला व्हायची आहे. रात्रपाळीच्या एका सिस्टरने डॉ. देऊळकरांना फोन करून विचारलं, हात चोळल्यावर नाक गळतं, ते काही असतं का? तिने नाव सांगितलं नाही.

तक्रारीचा कागद शगुफ्ता मन्सुरींच्या पर्समध्ये आहे. सहीची जागा कोरी आहे. कागद फाडलेलाही नाही.